पाठमोरा

दसरा उलटला की आमच्याकडच्या भिंती वाळायला लागतात. चार महिने प्यायलेलं पाणी जांभ्याचा चिरा हळूहळू सोडतो. शेवाळ आधी काळं पडतं, मग तपकिरी होतं आणि एखाद्या दुपारी नखानं खरवडलं की पापुद्रा होऊन खाली येतं. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं, गवत पिवळं पडतं, आणि कापलेल्या भाताचा, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास पार हमरस्त्यापर्यंत येतो. ऑक्टोबरचा उन्हाळा म्हणून लोक या दिवसांना नावं ठेवतात. मला मात्र हे दिवस आले की दिसेल त्या भिंतीला तळवा लावून बघायची खोड आहे. तळव्याला गार लागलं तर भिंत अजून ओली आहे, कोमट लागलं तर रंगाला तयार.

काल एका शाळेनं त्यांच्या कुंपणाची भिंत बघायला बोलावलं होतं. हात लावला. भिंत कोमट होती. मी हात तसाच ठेवून जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण बरोबरच्या शिपायानं, बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. त्याला काय सांगणार? मला बंदराजवळच्या मिरकरवाड्याच्या उतारावरची ती दुसरी भिंत दिसत होती, आणि तिच्या टोकाशी उभा असलेला मुलगा.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गात चित्र येणारी पोरं चार. बाकीच्यांना आपण कळत-नकळत सांगत असतो की बाबा, हे तुझं काम नाही. ती पोरं मोठी होतात, संसार करतात आणि जन्मभर सांगत राहतात, मला साधी रेघ ओढता येत नाही. निवृत्त झाल्यावर मला अशाच माणसांना घेऊन चित्र काढायचं होतं. सगळ्यांनी मिळून एकच चित्र, एकाच भिंतीवर. उतारावर बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना होता. त्याची रस्त्याकडची भिंत लांबलचक आणि उघडी. मालक मुंबईला असत, त्यांनी फोनवरच परवानगी देऊन टाकली. मग मी ओळखीपाळखीत निरोप धाडला, की ज्याला यायचंय त्यानं दुपारी चार वाजता यावं, जुने कपडे घालून यावं, काही येत नसलं तरी यावं.

दहा-बारा माणसं जमली. कॉलेजातल्या दोन मुली, ऐकू न येणारा एक शिंपी आणि त्याची बायको, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, अशी. त्यांत मुकुंदकाका होते. पूर्वी एसटीवर ड्रायव्हर. साखरेनं डोळे गेले तेव्हापासून घरी बसून कंटाळलेले. पहिल्या दिवशी सुनेचा हात धरून आले आणि म्हणाले, बाई, मला फक्त रंगाचा वास घ्यायला बसवा. त्यांच्यासाठी आम्ही रेघा सुतळीच्या करायला लागलो. खडूनं आकृती काढायची, रेघेवर डिंकानं सुतळी चिकटवायची, की काका बोटांनी चाचपून कुठं थांबायचं ते ओळखत आणि आतला भाग सपासप रंगवून काढत. हद्द सोडून ब्रश गेला तर तो आमच्यातल्या डोळसांचाच जाई.

आणि हमीदाखाला होत्या. साठीच्या पुढच्या. खालच्या मोहल्ल्यातल्या. नवरा बोटीवर, मग आखातात, असं करत आयुष्य गेलेलं, आता तोही नाही. क्रोशा विणणारा हात. त्या आल्या, कडेला बसल्या, आणि काय काढायचं याची चर्चा सुरू झाली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, आमच्यात सूरत काढत नाय. तुमी काढा, मी कुणाला अडवत नाय. पण मग मी हिकडं बघनार नाय."

आमच्या गटाचा एकच नियम होता. ज्याच्याकडे आपल्यापैकी एकालाही पाठ करावीशी वाटेल असं काही भिंतीवर यायचं नाही. त्यामुळे ठरलं, चेहरे नकोत. खरं सांगायचं तर सगळ्यांना हायसंच वाटलं. नवशिक्याला चेहऱ्याइतकी भीती कशाची वाटत नाही. एका मिनिटात ठराव झाला आणि लोक होड्या, माड, माशांच्या पाट्या काढायला लागले. हमीदाखालांनी समुद्र मागून घेतला. क्रोशाच्या साखळीसारख्या छोट्या छोट्या कमानी, एका ओळीखाली दुसरी ओळ, त्याखाली तिसरी. लाट काढताना त्यांचे ओठ हलायचे. टाके मोजत असाव्यात.

सुगंधाताई आमच्यात नंतर आली. ती चित्र काढायला आलीच नव्हती. हातखंब्याच्या पलीकडच्या एका गावातून ती दर आठवड्याला जेट्टीवर यायची, बोटी लागायच्या वेळेला, आणि उतरणाऱ्या माणसांना विचारायची. तिचा मुलगा नितेश एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला होता. मोसमाच्या सुरुवातीला बोट गेली, चार-सहा दिवसांनी परत आली तेव्हा तो तिच्यावर नव्हता. कुणी त्याला पडताना पाहिलं नव्हतं, कुणी हाक ऐकली नव्हती. एक जण म्हणे, रात्री जेवायला होता. दुसरा म्हणे, पहाटे जाळं ओढताना होता की. तांडेलानं, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसानं, दोन दिवस तिथंच बोट फिरवली, आजूबाजूच्या बोटींनाही कळवलं. काही सापडलं नाही. मग पाऊस गेला, वर्ष गेलं. सुगंधाताईचं विचारणं चालूच राहिलं. जेट्टीवरची माणसं वाईट नव्हती. ती येताना दिसली की मान हलवून लांबूनच नाही म्हणत, तिला विचारायला लागू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर ती आमच्या भिंतीच्या सावलीत टेकायची. हमीदाखालांनी तिला एकदा पाणी दिलं. पुढच्या खेपेला चहा दिला. त्याच्या पुढच्या खेपेला एक ब्रश हातात दिला आणि आपल्या लाटांची एक ओळ भरायला सांगितली. ती भरता भरता दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. दुपार संपली तेव्हा सुगंधाताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, मला माजा पोरगा काढायचाय."

तिनं मोबाइल पुढे केला. काच तडकलेली, आत हसणारा एक विशी-बाविशीचा मुलगा. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली की हा फोटो काही खरा नाही. फोटो काढणारा त्याचा मित्र होता, त्याच्याकडे बघून तो असा हसला. माझ्याकडे तो असा कधी हसत नसे, म्हणाली. मला माझ्याकडे बघणारा काढायचाय, आत्ताच काढायला हवा, कारण हल्ली मला तो आठवायला लागला की हा फोटोच आठवतो.

मी तिला आमचा ठराव सांगितला.  ती चिडली नाही. हमीदाखालांकडे बघत उभी राहिली. खालांनी लगेच ब्रश धुऊन ठेवला, ओढणी सारखी केली आणि मला म्हणाल्या की मी उद्यापासून येत नाही, घरी माझा क्रोशा पडलाच आहे, हिला काढू द्या. त्यात रुसवा नव्हता. एसटीत उभ्या बाईला जागा द्यावी तशा त्या उठल्या होत्या.

सुगंधाताईनं त्यांचा हात धरून परत खाली बसवलं. "तुमी नसाल तर मी हितं कुणाजवळ बसू?" एवढंच म्हणाली.

पुढचे दिवस फार अवघड गेले. दोघीही रोज येत, कारण सुगंधाताई आता आठवड्याऐवजी रोज यायला लागली होती. शेजारी बसत, लाटा भरत. चेहऱ्याचा विषय दोघीही टाळत. मी सुचवून बघितलं की वेगळ्या फळीवर चेहरा काढू, घरी नेता येईल. तिनं मान हलवली. घरात त्याचा फोटो लावला तर लोक हार घालतील, म्हणाली. बँकेतल्या गृहस्थांनी बहुमताची गोष्ट काढली. मुकुंदकाकांनी त्यांना विचारलं की भिंत बघणाऱ्यांचं बहुमत मोजायचं असेल तर मला धरणार की वगळणार? तो विषय तिथंच संपला.  इतकी वर्षं शिकवून मला माहीत होतं ते रंगांचं. दोन माणसांना एकाच भिंतीसमोर कसं बसवायचं, ते मी त्यांच्याकडेच बघत शिकत होते.

मग एका दुपारी मी पोचले तर भिंतीच्या समुद्राकडच्या टोकाला सुगंधाताई कोळसा घेऊन उभी होती. माणसाएवढ्या उंचीची आकृती तिनं एकटीनं काढली होती. डोकं, मान, खांदे, खाली सरळ उतरलेले पाय. आकृतीला चेहरा नव्हता, कारण ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. समुद्राकडे बघत.

"तो जाताना मी पाठच बघितली," ती म्हणाली. "फाट्यापर्यंत सोडायला गेलते. गाडी आली नि गेला. वळला नाय."

हमीदाखाला जवळ जाऊन बघून आल्या. मग त्यांनीच सुतळीचा गुंडा उचलला आणि डिंक लावायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मुकुंदकाकांना आम्ही तिथं नेलं. काय काढलंय ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी डोक्यापासून सुरुवात केली. बोटं मानेवरून उतरली, उजव्या खांद्यावर गेली, परत आली, डाव्या खांद्यावर गेली. तिथं थांबली. पुन्हा एकदा उजवीकडे जाऊन आली.

"पोरगा हाय ना कुणाचा तरी?" ते म्हणाले. "डावा खांदा उतरलाय ह्याचा."

सुगंधाताईनं पुढे होऊन त्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी झाडावरून पडून त्याचं हाड मोडलं होतं, ते नीट बसलं नव्हतं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि काढताना तिच्या मनातही नव्हती. मी चित्राकडे निरखून पाहिलं तेव्हा कुठं मला तो फरक दिसला, बोटभरसुद्धा नसेल. ती रडत होती आणि मधूनच हसत होती. हात विसरला नाही, असं काहीतरी सारखं म्हणत होती.

अडलं ते शर्टाशी. त्या दिवशी त्यानं कुठला शर्ट घातला होता, ते तिला आठवेना. निळा म्हणावा तर निळा घरी पेटीत होता. चौकड्याचा म्हणावा तर तो मित्राला दिलेला. तिनं शेजारणीला विचारलं, मुंबईला नवऱ्याला फोन करून विचारलं, तो तर तेव्हा गावात नव्हताच. रोज एक रंग कालवायची, डब्याकडे बघत बसायची आणि ओतून द्यायची. शेवटी बाकीची भिंत पुरी होत आली. तिनं सांगितलं, राहू दे, खोटा रंग नको. त्यामुळे शर्टाच्या जागी आम्ही भिंतीला आधी मारलेला पांढऱ्या रंगाचा पहिला हातच राहिला.

खालांचा समुद्र तोवर त्याच्या पायांपर्यंत आला होता. शेवटच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पाणी आणि त्याची पावलं यांच्यामध्ये वीतभर पट्टा कोरा आहे. मला वाटलं, राहून गेलं. मी ब्रश बुडवला. खालांनी माझं मनगट धरलं. "तेवडी वाळू ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पाणी पायाला लागू द्यायचं नाय."

त्या भिंतीचं पुढे काय होईल, याचा अंदाज आमच्यातल्या कुणालाच नव्हता. होड्या आणि माड लोकांनी दोन दिवस बघितले आणि विसरले. पण संध्याकाळी उजेड उतरला की बाकीचे रंग विझत आणि तो पांढरा शर्ट तेवढा राही. बाजारातून परतणाऱ्या बायका सांगू लागल्या की टोकाला कुणीतरी उभं असतं. रिक्षावाले वळणावर हॉर्न देऊ लागले. एक म्हातारा तांडेल तर त्याला दोनदा हाक मारून, उत्तर येत नाही म्हणून जवळ गेला आणि भिंतीला हात लावून परत फिरला.  मग चहाच्या टपरीवर तो टोपी काढून मांडीवर ठेवून बसला.

मलाही तो भिंतीवर सोडून येता येईना. बसस्थानकावर, बँकेच्या रांगेत, मासळीबाजारात पाठमोरी तरुण पोरं दिसत आणि माझी नजर आधी खांद्यांवर जाई. एकदा हातखंब्याला गाडी थांबली असताना खिडकीतून एक पांढऱ्या शर्टातला मुलगा दिसला, रस्त्याकडे पाठ, डावा खांदा पिशवीनं ओढलेला.  तो वळला. कुणीतरी साधा, हसतमुख, घाम पुसणारा मुलगा होता. त्याला चेहरा आहे याचंच मला क्षणभर वाईट वाटलं. अजूनही कधी कधी तसं होतं. चित्र काढणाऱ्याला वाटत असतं की आपण बघतो. पण काही आकृत्या आपल्याकडे बघत नाहीत, आणि म्हणूनच आपल्याला सोडत नाहीत.

सुगंधाताईनं जेट्टीवर जाणं थांबवलं. आम्हाला आधी ते फार चांगलं वाटलं. मग कळलं की ती जेट्टीऐवजी भिंतीकडे यायला लागली आहे. काम संपून, डबे-ब्रश आवरून झाले तरी ती यायचीच. दुपारभर त्याच्याजवळ बसायची. निघायची वेळ झाली की तिला जाता येत नसे, कारण जायचं म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची. त्यानं केली ती केली, मी कशी करू, असं ती खालांना म्हणाली होती. मग ती उलट्या पावलांनी उतार चढायची, नजर भिंतीवर. हमीदाखाला तिचा दंड धरून बरोबर चालायच्या आणि मागचा खड्डा, मागची सायकल, मागून येणारी गाडी सांगत राहायच्या. वळणापर्यंत. तिथं भिंत दिसेनाशी झाली की ती सरळ व्हायची.

त्या दोघींना तसं जाताना बघून मला प्रश्न पडायचा. आम्ही तिला बरं करायला गेलो होतो का? तसं काही आम्ही ठरवलं नव्हतं. पण वाट बघायला तिला आता एक पक्की जागा मिळाली होती, आणि ती आम्हीच रंगवून दिली होती. रात्रंदिवस तो तिथं उभा होता. पुढे जात नव्हता, मागे वळत नव्हता. मुकुंदकाकांपाशी मी हे बोलले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की तो उभा नसता, तर ती कुठं बसली असती?

पावसाळ्यात ती कमी आली. भिंतीनं पाऊस सोसला. रंग थोडे उतरले, माडांवर शेवाळ चढलं, शर्टावर नाही चढलं. मग पुन्हा हेच दिवस आले. भिंत वाळली. कारखाना विकला गेल्याचं कानावर आलं होतं, पण अशा बातम्या आपण ऐकतो आणि ठेवून देतो. एका सकाळी मी बाजाराला म्हणून उतरले तर भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी होती. अजून ओली. खाली दोन रंगारी बादल्या धूत बसले होते. मी तिथंच उभी राहिले म्हणून त्यांच्यातल्या मोठ्यानं विचारलं, चित्र तुमचं होतं का? मग आपणहून सांगितलं की बाकीचं आदल्या दिवशीच केलं होतं, तो माणूस तेवढा ठेवला होता. पाठमोऱ्या माणसावर रोलर फिरवायला बरं वाटेना. सकाळी लवकर येऊन, त्याला काय वाटेल ते वाटो म्हणून, उरकून टाकला.

हे सुगंधाताईला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती आपणहून येऊन बघेल, हेही चालण्यासारखं नव्हतं. दोन दिवस मी टाळलं. मग हमीदाखालांकडे गेले. त्या म्हणाल्या, रिक्षा सांगा, आपण दोघी जाऊ.

गावात भातकापणी चालू होती. रिक्षा जाते तिथवर गेलो. पुढे बांधावरून चालायचं होतं आणि खालांचे गुडघे त्यांना चालू देत नव्हते, म्हणून त्या रिक्षातच थांबल्या. मी एकटी गेले. सुगंधाताई शेतात वाकलेली होती. मला बघून ती उभी राहिली, हातात विळा तसाच. मी इतक्या लांब का आले असेन, ते तिनं माझ्या तोंडावर वाचलं असणार.

मी म्हटलं, "ताई, भिंत पांढरी केली त्यांनी."

 तिनं शांतपणे विचारलं, "गेला?"

 मी मान डोलावली.

"कदी गेला?"

"परवा सकाळी."

तिनं विळा बांधावर ठेवला. मला घराकडे घेऊन गेली, पाणी दिलं. मग पडवीत टांगलेल्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाली की चष्मा सापडत नाही, परवा कोणती तिथी होती ते बघून सांगा. मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. घरातली सगळी माणसं तिला कधीपासून सांगत होती की नितेशचं जे काही क्रियाकर्म करायचं ते करून टाकू. ती एकच प्रश्न विचारून त्यांना गप्प करायची, कुठल्या तिथीला करणार? जेवायला होता त्या रात्रीची, की जाळं ओढताना होता त्या पहाटेची? कुणी सांगू शकत नव्हतं. मी कॅलेंडरजवळ गेले आणि बारीक अक्षरं वाचली.

"नवमी होती, ताई."

"मग नवमी धरू," ती म्हणाली. मुंबईला फोन लावते म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि मला बांधापर्यंत सोडायला आली. आभाळ भरून येत होतं, उरलेलं शेत आजच कापून घ्यायला हवं होतं. ती परत वाकली आणि कापायला लागली. मी वळून चालायला लागले तेव्हा मागून विळ्याचा आवाज येत होता, एकसारखा.

रिक्षात हमीदाखालांनी विचारलं, काय म्हणाली? मी जे झालं ते सांगितलं, तिथीसकट. त्यांनी ओढणी कपाळावर पुढे ओढली, डोळे मिटले, आणि कुणी गेल्याची बातमी आली की त्यांच्यात जे म्हणतात, ते हलक्या आवाजात म्हटलं. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाणं बंद केलं.